दलदलीतला वायू

उडत्या तबकड्यांशी माझा काहीही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बँकेतला कारकून आहे. आकाशाकडे बघायचे प्रसंग माझ्या आयुष्यात दोनच येतात. एक, गच्चीवर सौभाग्यवतींचे पापड वाळत असताना ढग आले की. आणि दुसरा, मार्चअखेरीला साहेबांनी रजा नाकारली की. दोन्ही वेळा वर काही दिसत नाही. तेव्हा परग्रहावरचे लोक येतात की नाही, आले तर त्यांचं खातं कुठल्या कागदपत्रांवर उघडायचं, या वादात मला पडायचं नाही.

माझं भांडण परग्रहाशी नाहीच. माझं भांडण एका उत्तराशी आहे. ते उत्तर १९६६ साली अमेरिकेत, डेट्रॉइट शहरात, एका विद्वान माणसानं दिलं. आणि तेच उत्तर मी गेली वीस वर्षं, माझ्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून, दिवसाला सरासरी तीन गिऱ्हाइकांना देत आलो आहे. त्यानं निदान खगोलशास्त्राची पदवी घेऊन दिलं. मी बी. कॉम. आहे.

हकीकत अशी. मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावाजवळ डेक्स्टर नावाचं एक लहान गाव आहे. त्या गावाबाहेर, दलदलीच्या कडेला एक कुटुंब राहत होतं. साधी माणसं. २० मार्च १९६६, रविवारची रात्र. घरधन्याला दलदलीच्या बाजूला उजेड दिसला. तो आणि त्याचा तरुण मुलगा, असे दोघे तो उजेड काय आहे ते बघायला चिखल तुडवत निघाले. इथपर्यंत कुठल्याही घरात घडेल असंच आहे. बाप्यांनी चिखलात जायचं आणि बायकोनं घरात राहून डोकं चालवायचं. तिनं पोलिसांना फोन केला.

दोघांनी परत येऊन सांगितलं, की तिथं मोटारीएवढं काहीतरी होतं, त्याचा पृष्ठभाग पोवळ्याच्या खडकासारखा खडबडीत होता, दिवे होते, दिव्यांचे रंग बदलत होते, आणि आम्ही जवळ जातोय म्हटल्यावर ते नाहीसं झालं. पोलीस आले, त्यांनाही उजेड दिसला. दुसऱ्या दिवशी रात्री तिथून बऱ्याच अंतरावर हिल्सडेल गावच्या कॉलेजात वसतिगृहाच्या खिडक्यांतून ८७ मुलींनी बाहेरच्या दलदलीवर असाच काहीसा उजेड पाहिला, आणि त्यांच्याबरोबर तिथल्या नागरी संरक्षणाच्या अधिकाऱ्यानंही. आता वसतिगृहातल्या ८७ मुलींचं एका गोष्टीवर एकमत होणं, हीच मुळात चौकशी करण्यासारखी घटना आहे, पण ते जाऊ दे.

अमेरिकेत त्या काळी अशा तक्रारींसाठी वायुसेनेचं एक खास खातं होतं. ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’. निळं पुस्तक! नाव ऐकूनच मला आमच्या शाखेतलं तक्रार-पुस्तक आठवलं. ओहायो राज्यात डेटन शहराजवळच्या वायुसेनेच्या तळावर हे खातं १९५२ पासून चालू होतं. त्याआधी त्याची दोन नावं बदलून झाली होती, कारण काम सुधारता आलं नाही की नाव सुधारायचं, ही रीत फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नये. सगळ्या अमेरिकेचं आकाश सांभाळायला माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वर एक मेजर, आणि सल्ल्यासाठी बाहेरून बोलावलेले खगोलशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅलन हायनेक. हे हायनेक १९४८ पासून वायुसेनेला सांगत आले होते, की हा शुक्र, हा फुगा, ही उल्का. आणि बहुतेक वेळा ते बरोबर सांगत होते. मी त्यांच्या विद्वत्तेवर एक पैशाचीही शंका घेत नाही.

हायनेक मिशिगनला आले तेव्हा तिथं धमाल चालली होती. जो तो आकाशाकडे बोट दाखवतोय. एका रात्री तर पोलिसांच्या गाड्या बिनतारी संदेश देत एका उजेडाच्या मागे धावल्या, हायनेक आत बसलेले. सगळ्या गाड्या एका चौकात येऊन थांबल्या, सगळ्यांनी वर बोट केलं, आणि हायनेकनी पाहिलं तर तो स्वातीचा तारा. वैशाखात आपल्या डोक्यावर येतो तोच. पोलीस स्वातीला पकडायला निघाले होते! असल्या वातावरणात शास्त्रज्ञानं डोकं शांत ठेवायचं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी कॅशच्या खिडकीवर बसण्यासारखंच.

त्यात वायुसेनेनं सांगितलं, पत्रकार परिषद घ्या. तपास होऊन जेमतेम काही दिवस झालेले. हायनेकना उत्तर हवं होतं. मिशिगन विद्यापीठातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानं फोनवर सुचवलं, की दलदलीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्यापासून वायू तयार होतो, तो पेटला की असे उजेड दिसतात. झालं. २५ मार्चला, शुक्रवारी, डेट्रॉइटला खच्चून भरलेल्या सभागृहात हायनेकनी सांगितलं, की डेक्स्टर आणि हिल्सडेलचे उजेड बहुधा दलदलीतल्या वायूचे असावेत. त्यांनी ‘बहुधा’ म्हटलं होतं, हे मुद्दाम नोंदवतो. हेच संपूर्ण कारण आहे असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, असंही ते म्हणाले होते. पण ‘बहुधा’ हा शब्द फार हलका असतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत पोचेपर्यंत तो हवेत उडून जातो आणि खाली नुसता वायू उरतो.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या देशात ‘दलदलीतला वायू’ हा विनोद झाला. व्यंगचित्रं आली. हायनेकची थट्टा झालीच, पण प्राध्यापकाला थट्टेची सवय असते, त्याच्यासमोर वर्ग असतो. त्या कुटुंबाचं काय? त्यांच्या घराभोवती बघ्यांची रीघ लागली. कोण येतंय, कोण हसतंय. चिखलातून जाऊन आलेला माणूस जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगत होता, आणि सरकार त्याला सांगत होतं की तू जे पाहिलंस ते तू पाहिलं नाहीस. तू वायू पाहिलास.

आता माझे एक मित्र आहेत. विज्ञानवादी. घरात देव नाहीत, पण अंधश्रद्धेवर रोज तासभर प्रवचन असतं. ते म्हणाले, “अरे, पण वायू असूही शकेल की! उगाच भोळसट लोकांची बाजू काय घेतोस?”

असू शकेल. शंभर वेळा असू शकेल. दलदलीतल्या उजेडाबद्दल मला कोणी शिकवू नये, आमचं मूळ गाव कोकणात आहे. आमचे आजोबा खाडीच्या कडेनं रात्रीचे येत असताना त्यांनी पाणथळीत निळसर ज्योत नाचताना पाहिली होती. गावात तिला आग्या वेताळ म्हणतात. मोठेपणी मी आजोबांना मिथेन वायूबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू पाहिलायस?” मी म्हटलं, “नाही, वाचलंय.” ते म्हणाले, “मग मी सांगतो, तो केवढा होता.” आणि त्यांनी हात करून दाखवला, वीतभर. कुठं होता, किती वेळ होता, वाऱ्यानं कसा हलला, सगळं सांगितलं. वीतभर, मिणमिणता, आवाज न करणारा. म्हणजे पुस्तकात लिहिल्याबरहुकूम वायू! तिथं मी आणि आजोबा एका मिनिटात एकमतावर आलो. फक्त ते त्याला वेताळ म्हणत राहिले आणि मी मिथेन.

मुद्दा हाच आहे. आजोबांचं वर्णन आणि शास्त्राचं उत्तर, दोन्ही जुळत होती. डेक्स्टरचा माणूस सांगत होता मोटारीएवढं, पोवळ्यासारखं खडबडीत. उत्तर आलं वीतभर ज्योतीचं. जमाखर्च जुळला नाही. आमच्याकडे जमाखर्च जुळला नाही तर रात्री दहापर्यंत बसवून ठेवतात, दोन रुपयांच्या फरकासाठी. तिथं वायुसेनेनं फरकाची रक्कम सरळ तक्रारदाराच्या अकलेच्या खाती टाकली आणि पुस्तक मिटलं.

तो माणूस चुकला असेल. अंधारात अंतर कळत नाही, आकार कळत नाही, घाबरलेल्या माणसाला तर मांजरही वाघ दिसतं. मग तसं म्हणा ना! ‘तुम्ही जे वर्णन करता त्याच्याशी जुळणारं कारण आम्हाला सापडलं नाही, कदाचित अंधारात तुमचा अंदाज चुकला असेल, कदाचित आमचा चुकत असेल.’ एवढं एक वाक्य लिहायला काय लागतं? कागद तोच, शाई तीच. पण नाही. सरकारी, लष्करी किंवा बँकेच्या कुठल्याही छापील फॉर्मवर ‘माहीत नाही’ असा रकाना नसतो. असला तरी तो भरलेला साहेबांना चालत नाही.

वायुसेनेकडे तो रकाना होता, हे कबूल केलं पाहिजे. १७ डिसेंबर १९६९ ला निळं पुस्तक कायमचं मिटलं, तेव्हा हिशेब जाहीर झाला. एकूण प्रकरणं १२,६१८. उलगडा न झालेली ७०१. मी लगेच टक्केवारी काढली, सवयच आहे ती. साडेपाच टक्क्यांच्या थोडं वर. बुडीत कर्जाचं एवढं प्रमाण आमच्या विभागीय कार्यालयाला कळवायचं झालं तर मॅनेजर आदल्या दिवशी आजारी पडतात. आणि मॅनेजर ते प्रमाण कमी कसं दाखवतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कर्ज वसूल होत नाही, पण रकाना बदलतो. म्हणून उरलेल्या ११,९१७ प्रकरणांत किती खरे शुक्र, किती खरे फुगे आणि किती नुसते रकाना बदललेले, हा प्रश्न मला पडतो. माझ्या विज्ञानवादी मित्राला तो पडत नाही. तो बँकेत नाही.

मिशिगनच्या लोकांनी मात्र ही गोष्ट सोडली नाही. त्यांचा एक खासदार होता, जेरल्ड फोर्ड. हेच पुढं १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी २८ मार्चला पत्र लिहिलं, की लोकांना यापेक्षा बरं स्पष्टीकरण मिळालं पाहिजे. ५ एप्रिलला लोकप्रतिनिधींच्या संरक्षण समितीपुढं सुनावणी झाली. मग वायुसेनेनं कोलोरॅडो विद्यापीठाकडे, कॉन्डन नावाच्या थोर भौतिकशास्त्रज्ञाकडे, हा सगळा विषय अभ्यासासाठी सोपवला. दोन वर्षं अभ्यास चालला, जाडजूड अहवाल आला. अहवालाच्या सुरुवातीलाच कॉन्डनसाहेबांचा निष्कर्ष, की यात शास्त्राला मिळण्यासारखं काही नाही, पुढं मोठा अभ्यास करण्यात अर्थ नाही. आणि आत, मागच्या पानांत, बरीच प्रकरणं अशी की ज्यांचा उलगडा त्यांच्याच माणसांना झाला नाही. पण मागची पानं कोण वाचतो? आम्हीही नियम मागच्या पानावरच छापतो.

आणि हायनेक? या गृहस्थाबद्दल मला फार वाटतं. ‘दलदलीतला वायू’ हा शिक्का त्यांच्या कपाळी जन्मभर राहिला. पण तो माणूस बदलला. लोकांनी सांगितलेलं आधी नीट लिहून घेतलं पाहिजे, उत्तर मागाहून, असं ते म्हणू लागले. १९७२ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, १९७३ मध्ये स्वतःची संशोधन संस्था काढली. १९७७ साली स्पीलबर्गनं त्या विषयावर सिनेमा काढला, त्याचं नावच हायनेकच्या वर्गीकरणातून घेतलेलं, आणि त्यात ते स्वतः क्षणभर दिसतातही, दाढी आणि पाइपसकट. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा ते जन्मले आणि १९८६ साली तो परत आला तेव्हा गेले. मी असतो तर या योगायोगाचंही स्पष्टीकरण वायुसेनेकडे मागितलं असतं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. बरं, नवं घ्या. २०२१ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यानं असाच एक अहवाल काढला. प्रकरणं १४४. उलगडा झालेली किती? एक. तो हवा जात चाललेला मोठा फुगा होता. उरलेल्या १४३ प्रकरणांबद्दल त्यांनी चक्क लिहून टाकलं, की आमच्याकडे पुरेशी माहिती नाही. मी तो आकडा वाचला आणि माझा ऊर भरून आला. पंचावन्न वर्षांनी का होईना, रकाना भरला! पण मग लक्षात आलं. या वेळचे तक्रारदार बहुतेक सगळे नौदलाचे वैमानिक होते. वैमानिकानं पाहिलं की ती ‘अज्ञात हवाई घटना’. चिखलातून चालत आलेल्या माणसानं पाहिलं की तो वायू.

आपल्याकडचं बघा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोकांनी आकाशातून आगीच्या रेघा जाताना पाहिल्या. लगेच कोणी म्हणालं उल्का, कोणी म्हणालं विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावच्या लोकांचं नशीब एवढं थोर, की त्यांच्या शिवारात धातूचं भलंमोठं कडंच येऊन पडलं. मग शास्त्रज्ञांना ते बघायला यावं लागलं, आणि चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. कडं पडलं म्हणून गावाचं खरं ठरलं. न पडतं तर? सामान्य माणसाचा शब्द खरा ठरायला आकाशातून निदान माणसाहून मोठं लोखंड पडावं लागतं, असा हा व्यवहार आहे.

एवढ्या तावातावानं मी का बोलतोय, ते आता सांगतो. त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही.

आमच्या शाखेत एक बाई येत. निवृत्त शिक्षिका. वय सत्तरीच्या पुढं, पातळ नीटनेटकं, पिशवीत पासबुक, पासबुकाला पुन्हा प्लास्टिकची पिशवी. एकदा त्यांनी मशीनमधून पाच हजार काढायला कार्ड घातलं. मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत, खात्यातून पाच हजार मात्र गेले. त्या खिडकीशी आल्या. मी चौकशी टाकली, वरून उत्तर आलं, ‘व्यवहार यशस्वी’. मी मसुदा केला: ‘आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की आमच्या नोंदीनुसार सदर रक्कम यशस्वीरीत्या अदा झालेली आहे.’ साहेबांनी सही केली. सुंदर पत्र होतं. अशी मी चिक्कार लिहिली आहेत.

त्या पत्र घेऊन परत आल्या. म्हणाल्या, “बाळा, मी तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली. आलेला मुलगा आला म्हणून मांडला आणि न आलेला नाही म्हणून. नोटा आल्या नाहीत.”

मी म्हटलं, “बाई, पण मशीनची नोंद तसं सांगते. कदाचित तुम्ही घेतल्या असतील आणि गडबडीत विसरला असाल.”

काय बोललो, ते माझं मलाच त्या वेळी कळलं नाही. त्या रागावल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, गणितात नापास झालेल्या मुलाकडे बघावं तशा. आणि निघून गेल्या. पुढं ऐकलं, की घरी सूनबाईही म्हणाल्या, “आई, हल्ली तुम्ही विसरता बरं का!” म्हणजे पाच हजारांची बाब राहिलीच नाही, आता त्यांच्या डोक्याचा हिशेब सुरू झाला. डेक्स्टरच्या त्या माणसालाही पोवळ्याच्या खडकाचं काही पडलं नसेल. सकाळी दुकानात गेल्यावर लोक कसे बघतात, याचंच पडलं असेल.

तिसऱ्या आठवड्यात मशीनची रोकड पुन्हा मोजली गेली. पाच हजार जास्त निघाले. बरोबर पाच हजार.

पैसे खात्यात जमा झाले. मी पत्राचा मसुदा केला, ‘आपले म्हणणे खरे होते. आमची चूक झाली.’ साहेबांनी लाल पेन घेतलं आणि दोन्ही वाक्यं खोडली. वर लिहिलं, ‘तांत्रिक कारणास्तव’. मी म्हटलं, “साहेब, म्हणजे दलदलीतला वायूच ना?” ते म्हणाले, “कसला वायू?” मी म्हटलं, “काही नाही.”

बाई आल्या, पत्र वाचलं, चष्मा काढला. “पैसे मिळाले. पण यात मी खरं बोलत होते असं कुठं लिहिलंय? सुनेला दाखवायचंय मला.”

मी म्हटलं, “बाई, तुम्ही खरं बोलत होता. मी विसरला असाल म्हणालो, ते चुकलं.”

“हे तोंडी झालं. लेखी दे.” त्यांनी पासबुक पिशवीतून काढलं, त्या पिशवीतून दुसऱ्या पिशवीतून काढलं, आणि शेवटचं कोरं पान माझ्यापुढं धरलं.

मी आजूबाजूला पाहिलं. साहेब जेवायला गेले होते. मी लिहिलं. त्यांनी वाचलं, एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायला लावली, आणि म्हणाल्या, “शिक्का?”

मारला. कुठला मारला ते इथं छापत नाही. चौकशी लागेल.